तडा सुरू कुठून झाला?

सायकलची फ्रेम एकदम मोडत नाही. आधी बरेच दिवस ती कुरकुरते, आणि ती कुरकुर फ्रेमची असेल हे कुणाच्या मनातही येत नाही. पायडलवर जोर दिला की खालून कटकट आवाज येतो. मग पायडल काढून ग्रीस लावलं जातं, सीटची नळी पुसून पुन्हा बसवली जाते, बॉटम ब्रॅकेट (पायडलचा आस ज्यात फिरतो तो भाग) बदललं जातं. आवाज चार दिवस गप्प राहतो आणि परत येतो. पाठोपाठ गिअर वेडेवाकडे पडायला लागतात. चढावर उभं राहून रेटलं की चेन आपोआप शेजारच्या चक्रीवर उडी मारते. माझ्या सायकलचं अगदी असंच झालं. आमच्या सोसायटीतले एक काका, पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये आयुष्य काढलेले, रोज सकाळी पुण्याच्या वेताळ टेकडीवर फिरायला येतात. चढावर मी त्यांच्या शेजारून गेले तेव्हा नुसता आवाज ऐकून त्यांनी मला थांबवलं. "अगं, हे गिअरचं नाही. उजवीकडची मागची पाइप बघ, चेनच्या आतल्या अंगाची. नीट पुसून बघ."

पुसल्यावर दिसलं. बॉटम ब्रॅकेटपासून मागच्या चाकाच्या आसाकडे जाणाऱ्या खालच्या पाइपला चेनस्टे म्हणतात. तिच्यावर, चेनव्हीलच्या (पायडलजवळच्या मोठ्या दातेरी चक्रीच्या) अगदी मागे, एक बारीक तिरकी रेघ होती आणि रेघेच्या कडेला रंगाखालून तांबूस गंज डोकावत होता. काकांनी अंगठ्याचं नख रेघेवरून आडवं फिरवलं. नख अडलं. नुसता रंग फुटला असता तर अडलं नसतं, असं ते म्हणाले.

ही सायकल माझ्या आतेभावाची. अमेरिकेत शिकत असताना त्याने नव्वदच्या दशकात घेतलेली, परत येताना सामानाबरोबर आणलेली आणि पुढे माझ्याकडे आलेली. मागे स्प्रिंगबिंग काही नाही. सीटखालच्या पाइपवर अजून स्टिकर शाबूत आहे: ४१३० क्रोमोली. हे एक मिश्र पोलाद. त्यात सुमारे ०.३ टक्के कार्बन, १ टक्क्याच्या आसपास क्रोमिअम आणि ०.२ टक्के मॉलिब्डेनम. एवढ्याशा मिश्रणामुळे ते इतकं ताकदवान होतं की नळीची भिंत मधल्या भागात १ मिलिमीटरपेक्षाही पातळ ठेवता येते. या सायकलवर मी टेकड्या चढायला शिकले, खडीवर चाक घसरलं तर काय करायचं ते शिकले. पावसाळ्यात खाणीच्या बाजूने उतरताना ती ज्या विश्वासाने उतरते तसा विश्वास मला दुसऱ्या कुठल्या सायकलने दिलेला नाही. ती सोडून द्यायची कल्पना मला करवत नव्हती.

पहिल्या दिवशी दोन सल्ले मिळाले. शोरूममधला मुलगा म्हणाला, "ताई, एवढ्या जुन्या सायकलीवर पैसे कशाला घालता, नवीन घ्या." रस्त्यावरचा वेल्डिंगवाला म्हणाला, "आणा, पाच मिनिटांत मारून देतो." हे दोन सल्ले वरवर उलटे वाटतात, पण माझ्या मते ते एकाच जातीचे आहेत. तडा का गेला, हे दोघांनीही विचारलं नाही. ते विचारणारी माणसं मला नंतर भेटली, आणि त्यांच्या नादाने मी या विषयात इतकी शिरले की आता कुणाचीही सायकल दिसली तरी आधी माझी नजर चेनस्टेवर जाते.

वेल्डिंगवाल्याचा सल्ला का नाकारायचा, हे पेठेतल्या सायकल दुकानाच्या मामांनी समजावलं. मामांच्या दुकानात एका भिंतीला जुन्या काळ्या सायकलींच्या उघड्या फ्रेमा टांगलेल्या आहेत. त्यातली एक खाली काढून त्यांनी दांडी आणि सीटची पाइप जिथे मिळतात तो सांधा दाखवला. तिथे पाइप पाइपला चिकटवलेली नसते. बाहेरून एक लोखंडी खोबण असते, तिला लग म्हणतात. पाइप तिच्यात घुसवायची आणि फटीत वितळलेलं पितळ सोडायचं. पितळ ९०० अंशांच्या आसपास वितळतं, लोखंड वितळायला त्याहून सहाशेएक अंश जास्त लागतात. म्हणजे सांधा होतो पण पाइप वितळत नाही. "जाड कांडीचं वेल्डिंग गेटाला ठीक," मामा म्हणाले. "या पातळ पाइपला भोक पडेल, आणि भोक नाही पडलं तर शेजारची जागा कडक होऊन तिथून तुटेल." मामांनी तरुणपणी अशा पितळी सांध्यांची कामं स्वतः केली आहेत. आता त्यांच्याकडे गॅसचा संच नाही. पण सांधा कसा दिसला पाहिजे हे त्यांना बोटांनी कळतं.

काकांनी मला बोहरी आळीत पाठवलं. तिथून गोल आणि अर्धगोल कानस, पॉलिश पेपर आणि डाय पेनिट्रंटचे तीन डबे आणले. कारखान्यात ओतकामातले किंवा वेल्डिंगमधले तडे शोधायला हे वापरतात. घरच्या गॅलरीत ते वापरताना माझा जीव अगदी गोळा झाला होता. आधी पाइपचा रंग खरवडून धातू उघडा केला. मग लाल द्रव फवारून पंधरा मिनिटं तसाच ठेवला. द्रव स्वतःहून तड्यात शिरतो. नंतर वरवरचा लाल रंग पुसायचा, पण क्लीनर थेट पाइपवर मारायचा नाही. फडक्यावर घ्यायचा, नाहीतर तड्यातला रंगही धुऊन जातो. हे काकांनी तीनदा बजावलं होतं. शेवटी पांढरी पूड फवारायची आणि थांबायचं. पाइप खडूसारखी पांढरी झाली. थोडा वेळ काहीच दिसलं नाही. मग एका ठिकाणी गुलाबी ठिपका उमटला, त्याच्या पुढे दुसरा, आणि बघता बघता ठिपके जुळून लाल रेघ झाली. डोळ्यांना दिसली होती त्यापेक्षा ती दीडपट लांब निघाली. खालच्या अंगाला, जिथे मी बोटही लावलं नव्हतं, तिथपर्यंत ती वळून गेली होती.

काकांनी भिंग घेतलं आणि रेघेचं टोक सोडून तिची सुरुवात शोधायला लागले. सुरुवात मधोमध होती. तिथे पाइपवर दोनतीन आडव्या खोल खाचा होत्या, जणू कुणी कानस मारली असावी. त्यातल्या सगळ्यांत खोल खाचेच्या तळातून तडा दोन्ही बाजूंना पसरला होता. "ही खाच कशाने पडली ते सांग," काका म्हणाले, "मग आपण दुरुस्तीचं बोलू."

उत्तर मामांनी चेनव्हीलकडे बघून एका क्षणात दिलं. त्याचे दात झिजून पुढे वाकले होते. पावसाळ्यात टेकडीवरची लाल-काळी चिकट माती चेनमध्ये बसते. चिखलाने जड झालेली चेन अशा वाकलेल्या दातांतून वेळेवर सुटत नाही. खालच्या बाजूला सुटायच्या ऐवजी दाताबरोबर वर ओढली जाते आणि चेनव्हील व पाइप यांच्यातल्या फटीत जाऊन रुतते. वर पाय जोर करत असतो, मग चेनच्या कड्या पाइपला कुरतडतात. खडकाळ, चिखलाच्या वाटेवर चालवणाऱ्या कुणालाही हा अनुभव असतो: पायडल दगडासारखं अडतं, मागे फिरवून चेन सोडवायची आणि पुढे निघायचं. या सायकलने अमेरिकेतला आणि इथला किती चिखल पाहिला असेल कोण जाणे.

खाच छोटी असते, पण धातूला ती छोटी वाटत नाही. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला आणि पन्नासहून अधिक माणसं मेली. एवढा जाड लोखंडी आस कशाने तुटला, याचं उत्तर तेव्हा कुणाजवळ नव्हतं. वापराने लोखंड आतून स्फटिकासारखं ठिसूळ होतं अशी समजूत होती. पुढच्याच वर्षी रँकिन नावाच्या तरुण स्कॉटिश इंजिनिअरने तुटलेल्या आसांचा अभ्यास करून दाखवलं की तडा आसाची जाडी एकदम बदलते त्या काटकोनी कोपऱ्यातून सुरू होतो आणि हळूहळू आत शिरतो. नंतर जर्मनीत व्होलर याने रेल्वेचे आस वर्षानुवर्षं यंत्रावर फिरवून, वाकवून बघितले. त्याच्या कामातून पुढे कळलं की पोलादाला एक मर्यादा असते. त्या मर्यादेखालचा ताण कितीही वेळा आला तरी ते सहसा थकत नाही. पण खाचेच्या तळाशी ताण एकवटतो, आजूबाजूला जेवढा असेल त्याच्या कितीतरी पट होतो, आणि मर्यादा तिथे ओलांडली जाते. माझ्या चेनस्टेवर दर पायडलला जो ताण येत होता तो पाइपला सहज पेलणारा होता. त्या खाचेला तो पेलत नव्हता.

हे कळलं आणि मला फार बरं वाटलं. फ्रेम म्हातारी झालेली नव्हती, ती जखमी होती. खाच नसती तर तडा नसता. म्हणजे तडा सांधायचा, खाच झाकायची आणि चेनव्हील बदलायचं, ही तिन्ही कामं मिळून दुरुस्ती. यातलं एक सोडलं तरी पैसे आणि मेहनत वाया.

टेकडीवरच्या एका मैत्रिणीची ॲल्युमिनिअमची सायकल त्याच महिन्यात साधारण त्याच जागी तडकली. तिच्यासाठी आम्ही सगळ्यांनी खूप डोकं चालवलं. भोसरीत ॲल्युमिनिअमचं सुंदर टिग वेल्डिंग करणारी माणसं आहेत, रेघ अशी येते की बघत राहावं. अडचण वेल्डिंगनंतरची आहे. सायकलींत वापरतात ते ६०६१ नावाचं ॲल्युमिनिअम ताकदवान असतं ते उष्णता-प्रक्रियेमुळे: सुमारे ५३० अंशांपर्यंत तापवून झटकन थंड करायचं आणि मग कमी तापमानाला काही तास भट्टीत ठेवायचं. वेल्डिंगच्या आचेने सांध्याशेजारची ही ताकद जवळजवळ निम्मी उतरते. ती परत आणायची तर अख्खी फ्रेम भट्टीत घालावी लागते, आणि त्या आचेत फ्रेम वाकडी होते म्हणून ती सरळ करायची साधनंही लागतात. वर ॲल्युमिनिअमला पोलादासारखी थकव्याची मर्यादा नसते. मैत्रिणीला शेवटी सगळ्यांनी मिळून 'नको' सांगितलं. तिला वाईट वाटलं, मलाही. पण त्या 'नको'मुळे मला या माणसांच्या 'हो'वर भरवसा ठेवता आला.

माझ्या 'हो'लाही अट होतीच. बंगळुरात हाताने स्टीलच्या फ्रेमा बांधणारा एक ओळखीचा आहे. त्याला फोटो पाठवले. त्याने पहिल्यांदा विचारलं, पुढच्या चिमट्याला किंवा हँडलखालच्या सांध्याला कुठे तडा आहे का? तिथे असता तर त्याने पुढे बोलायलाच नकार दिला असता. पुढचा भाग सुटला तर माणूस तोंडावर पडतो. चेनस्टे सुटायच्या आधी आवाज करते, गिअर बिघडवते, चाक घासते. बहुतेक वेळा इशारा देते. म्हणून एवढाच भाग घरी करण्यासारखा. मग त्याने कृती सांगितली, आणि ती सांगताना प्रत्येक पायरीचं कारण सांगितलं. तड्याच्या दोन्ही टोकांच्या किंचित पुढे अडीच मिलिमीटरचं भोक पाड, म्हणजे टोकाची धार जाईल आणि तडा पुढे सरकायला जागा शोधणार नाही. वरून ठिगळ लाव, पण जाड नको, पाइपएवढ्याच जाडीचं. जाड ठिगळ स्वतः वाकत नाही, मग सगळा ताण त्याच्या कडेला जाऊन बसतो आणि पुढचा तडा तिथून सुरू होतो. ठिगळाची टोकं चौकोनी ठेवू नको, लांब निमुळती कर.

१ मिलिमीटरचा सीआरसी, म्हणजे थंड लाटलेल्या पोलादाचा, पत्रा आणला. काकांच्या व्हाइसवर तो कापला, पतंगासारखी टोकं काढली आणि मग त्याला पाइपचा आकार द्यायला बसलो. हे सगळ्यांत वेळखाऊ काम ठरलं. चेनस्टे तिथे गोल नसते. टायरला आणि चेनव्हीलला जागा मिळावी म्हणून दोन्ही अंगांनी चेपलेली असते. सांधा पितळाऐवजी चांदीच्या कांडीने करायचा होता, ती पितळापेक्षा कमी आचेत वितळते. अशा चांदीच्या सांध्याला फट अगदी बारीक लागते, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आत. फट मोठी राहिली तर सांधा वरून भरलेला दिसतो पण आत पोकळ राहतो. काकांनी सागवानाचा एक तुकडा तासून पाइपसारखा केला. त्यावर पत्रा ठेवून लाकडी हातोडीने हलके ठोके, मग पाइपवर ठेवून बघायचं, उजेड कुठून दिसतो ते पेन्सिलने खुणायचं, परत ठोके. काका एक ठोका मारून थांबत, बोट फिरवत, दुसरा मारत. या वयात त्यांचा हात किंचित थरथरतो, पण हातोडी उचलली की थरथर थांबते. शेवटी पत्रा पाइपवर असा बसला की न धरता तसाच राहिला.

गॅसचा संच आला तो आमच्या भागातल्या फ्रिज दुरुस्त करणाऱ्या दादाकडून. फ्रिजच्या तांब्याच्या नळ्या जोडायला त्याच्याकडे ऑक्सिजन आणि एलपीजीचे छोटे सिलिंडर असतात, आणि त्याचा हात ज्योतीवर बसलेला आहे. तो आपल्या पिशवीतून कांड्या काढायला लागला तेव्हा काकांनी त्याचा हात धरला. "दादा, ही फॉस्फरसवाली का?" होय, तीच होती. तांब्यावर ती उत्तम चालते, फ्लक्सही (तापताना धातू स्वच्छ ठेवणारा लेप) लागत नाही. लोखंडावर मात्र त्यातला फॉस्फरस लोखंडाशी मिळून ठिसूळ थर करतो. सांधा बघायला चांगला होतो आणि धक्क्याने काचेसारखा सुटतो. पंधरा वर्षं हे काम करणाऱ्या दादाला हे ठाऊक नव्हतं, कारण त्याला कधी लोखंड जोडावं लागलंच नव्हतं. त्याने लगेच कांड्या आत ठेवल्या. आम्ही ५६ टक्के चांदीची कांडी आणली होती, कॅडमिअम नसलेली हे पाकिटावर वाचून घेतलेली. कॅडमिअमचा धूर विषारी असतो. हे काम करावंसं वाटणाऱ्या प्रत्येकाने पाकीट वाचल्याशिवाय गॅस पेटवू नये.

सोसायटीच्या मोकळ्या पार्किंगमध्ये, वाळूची बादली शेजारी ठेवून, चाकं आणि बॉटम ब्रॅकेट काढलेली फ्रेम विटांवर आडवी ठेवली. ठिगळाच्या खाली-वर पांढरा फ्लक्स लावला. दादाने ज्योत मऊ केली आणि ती एका जागी न धरता फिरवत राहिला. फ्लक्स आधी बुडबुडला, मग वाळून पांढरा खडबडीत झाला, आणि मग अचानक वितळून पाण्यासारखा नितळ झाला. "आता," काका म्हणाले. तो नितळपणा हाच थर्मामीटर. सहाशे अंशांच्या आसपास ते होतं. कांडीचं टोक ठिगळाच्या कडेला टेकवलं आणि चांदी वितळून दिसेनाशी झाली. आत शिरली होती. ज्योत पलीकडच्या कडेला नेली आणि चांदीची चकचकीत रेघ तिकडच्या कडेने बाहेर आली. आम्ही तिघंही काही न ठरवता एकदम "आली!" म्हणून ओरडलो. चांदी उष्णतेच्या मागे जाते, हे मी वाचलं होतं, पण बघणं वेगळं.

दादा सवयीने पाण्याचा मग उचलायला गेला, त्याला थांबवलं. क्रोमोली फार तापलेली असताना पाणी मारलं तर ती कडक आणि ठिसूळ होऊ शकते. आपोआप निवू दिली. नंतर गरम पाण्यात फडकं भिजवून फ्लक्सचे काचेसारखे कण धुऊन काढले, कारण ते राहिले तर गंज चढवतात.

आचेने फ्रेम वाकली का, हे मामांनी दोऱ्याने बघितलं. दोरा एका ड्रॉपआउटला, म्हणजे मागच्या चाकाचा आस बसतो त्या खाचेला, बांधायचा, पुढे हँडलखालच्या पाइपला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटला आणून ताणून बांधायचा. मग सीटच्या पाइपपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचं अंतर मोजायचं. दोन्हीकडे सारखं भरलं तर मागचा भाग मधोमध आहे. सारखं भरलं. ड्रॉपआउटमधलं अंतर १३५ मिलिमीटर, हबला हवं तेवढंच. पाइपच्या आतून गंज धरू नये म्हणून उकळलेलं जवसाचं तेल आत सोडून फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवली. ते हवेने सुकून आतून पातळ थर होतो. बाहेरून प्रायमर आणि रंग, पण ठिगळावर रंग न देता नुसतं पारदर्शक लॅकर. पुढेमागे तडा आला तर तो दिसायला हवा, असं बंगळुरवाल्याचं म्हणणं, आणि मला ते पटलं. चेनव्हील नवं, चेन नवी, पाइपवर चेनच्या बाजूला एक पातळ स्टीलची पट्टी चिकटवलेली.

माउंटन बाइक नावाची वस्तूच अशा कामातून जन्मली आहे, हे मला या सगळ्यात राहून राहून आठवत होतं. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात, माउंट टॅमलपायसच्या उतारांवर, काही तरुण जुन्या जाडजूड सायकली भंगारातून आणून पळवत. त्यांच्या एका प्रसिद्ध उताराचं नाव रीपॅक, कारण एका फेरीत मागच्या ब्रेकच्या हबमधलं ग्रीस जळून धूर होई आणि ते पुन्हा भरावं लागे. तिथे १९७६ पासून शर्यती व्हायला लागल्या. त्या जुन्या फ्रेमा टिकेनात, तेव्हा त्यांच्यातल्याच जो ब्रीझ याने १९७७ मध्ये क्रोमोलीची खास फ्रेम बांधली. तिच्यात पुढून मागच्या आसापर्यंत जाणाऱ्या दोन जादा बारीक नळ्या आहेत, बळकटीसाठी. ती सायकल आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. कुठे मोडतं हे त्यांनी मोडून मोडून शोधलं आणि एकमेकांना सांगितलं.

आता चढावर उभं राहून रेटलं तरी सायकल गप्प असते. मी सुरुवातीला फक्त सपाट रस्त्यावर नेली, मग टेकडीच्या सोप्या वाटेने, आणि प्रत्येक वेळी घरी आल्यावर ठिगळाच्या टोकांवरून नख फिरवलं. अजूनही फिरवते.

ते तीन डबे मात्र माझ्याकडे राहत नाहीत. टेकडीवर येणारे एकमेकांकडे मागून नेतात. गेल्या महिन्यात एका कॉलेजच्या मुलाच्या सायकलवर लाल रेघ उमटली ती हँडलखालच्या सांध्याला. तो ठिगळ लावायच्या तयारीनेच काकांकडे आला होता. काकांनी त्याला समोर बसवून, चहा देऊन, स्पष्ट 'नाही' सांगितलं आणि त्याचे पुढचे ब्रेक, गिअर, चाकं उतरवून नीट बांधून दिली. बाकी सगळं चांगलं आहे, फक्त फ्रेम हवी. मध्यम उंचीच्या मुलाला बसेल अशी, स्टीलची, २६ इंची चाकांची. तुमच्या गॅलरीत किंवा माळ्यावर एखादी पडून असेल तर भंगारात देण्याआधी तिला लोहचुंबक लावून बघा. चिकटलं तर कळवा, मामा येऊन दोरा लावून बघतील.